लहान उद्योगात गुणवत्ता नियंत्रण कसे सुरू करावे

तयार मालाच्या ढिगाऱ्यातून चांगले आणि सदोष नग वेगळे करणे म्हणजेच गुणवत्ता नियंत्रण, अशी समजूत अनेक लहान उद्योगांत आढळते. अशी तपासणी आवश्यक असली तरी ती झालेली चूक फक्त उघड करते. तोपर्यंत कच्चा माल, मजुरी आणि यंत्राचा वेळ खर्च होऊन गेलेला असतो. खाण कंपनीचा कारभार सांभाळणारे फ्रेंच अभियंता आन्री फायोल यांनी 1916 मध्ये व्यवस्थापनाची पाच कामे मांडली, ती अशी: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. नियंत्रण या क्रमात शेवटी येते, परंतु प्रत्यक्ष कामाची तुलना कशाशी करायची, हे नियोजनातच ठरवावे लागते. जिथे नियोजन ढोबळ असते, तिथे नियंत्रणही अंदाजावरच चालते. पुढील पायऱ्या समजण्यासाठी धुण्याच्या पावडरीच्या 500 ग्रॅमच्या पिशव्या भरणारा एक छोटा कारखाना उदाहरण म्हणून घेऊ.

‘चांगले’ म्हणजे काय, ते मोजता येईल असे लिहावे

‘पिशवी नीट भरलेली असावी’ या वाक्यावरून कोणालाच तपासणी करता येत नाही, कारण ‘नीट’ या शब्दाचा अर्थ मालक, सुपरवायझर आणि ग्राहक आपापल्या परीने लावतात. त्याऐवजी ‘प्रत्येक पिशवीत किमान 500 ग्रॅम पावडर असावी, सील दाबल्यावर हवा बाहेर येऊ नये आणि लॉट क्रमांक हातभर अंतरावरून वाचता यावा’ असे लिहावे. प्रत्येक अटीपुढे ती कोणत्या साधनाने मोजायची, किती वेळाने मोजायची, कोणी मोजायची आणि अट पाळली गेलेली नसल्यास त्या मालाचे काय करायचे, याची नोंद असावी. रंग किंवा छपाई यांसारख्या ज्या गोष्टी आकड्यात मांडता येत नाहीत, त्यांच्यासाठी एक मंजूर नमुना आणि एक नाकारलेला नमुना कामाच्या जागी शेजारी शेजारी लावून ठेवावा. दोन पानी वर्णनापेक्षा हे दोन नमुने अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत आहे.

उत्पादनाची योजना सर्वांत मंद टप्प्यावरून आखावी

आपल्या कारखान्यात पावडर मिसळणारे यंत्र तासाला 900 पिशव्यांपुरता माल तयार करते, भरणारे यंत्र 600 पिशव्या भरते आणि पॅकिंगच्या टेबलावर 800 पिशव्या हाताळल्या जातात, असे समजू. बाकीचे टप्पे कितीही वेगवान असले तरी कारखान्यातून तासाला 600 पेक्षा जास्त पिशव्या बाहेर पडू शकत नाहीत. 8 तासांच्या शिफ्टमधील एक तास यंत्राच्या साफसफाईत आणि माल बदलण्यात जात असेल, तर प्रत्यक्ष क्षमता 4,200 पिशव्यांची ठरते. त्यातही 2 टक्के पिशव्या नाकारल्या जात असतील, तर 4,000 चांगल्या पिशव्या देण्यासाठी सुमारे 4,082 पिशव्या भराव्या लागतील. अशा वेळी ग्राहकाला 4,500 पिशव्यांचा शब्द देणे म्हणजे भरणाऱ्या यंत्रावरील कामगाराला घाई करायला आणि तपासणी टाळायला भाग पाडणे होय. गुणवत्तेच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ अशा अवास्तव वेळापत्रकात असते, आणि त्यांचा ठपका मात्र कामगारावर येतो.

जबाबदारी वाटून देताना एक गोष्ट कागदावर स्पष्ट असावी: दोष दिसताच यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे. हा अधिकार यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला नसेल, तर त्याने घेतलेल्या नोंदींना फारसा अर्थ उरत नाही.

आधी वजनकाटा तपासावा

मोजण्याच्या साधनातच दोष असेल, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. दररोज काम सुरू होण्यापूर्वी प्रमाणित वजन काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहावा. याशिवाय एकच पिशवी दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून प्रत्येकी दहा वेळा मोजून घ्यावी. एकाच पिशवीचे आकडे दोन-तीन ग्रॅमनी वरखाली होत असतील, तर प्रथम काटा किंवा मोजण्याची पद्धत सुधारावी आणि त्यानंतरच भरणाऱ्या यंत्राकडे वळावे.

नियंत्रण तक्ता तयार करावा

कोणतेही यंत्र प्रत्येक वेळी अगदी एकसारखे काम करत नाही. पावडरीचा सैलपणा, हवेतील दमटपणा, यंत्रातील किंचित ढिलाई अशा असंख्य लहान कारणांमुळे वजन सतत थोडे बदलत राहते. हा नैसर्गिक फरक आणि एखाद्या विशिष्ट बिघाडामुळे पडणारा फरक वेगळे ओळखण्याची पद्धत अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये मांडली. तिलाच आपण नियंत्रण तक्ता म्हणतो, आणि तो साध्या आलेख-कागदावरही काढता येतो.

दर तासाला ओळीने भरलेल्या 5 पिशव्या घेऊन त्यांचे वजन करावे. त्या पाच वजनांची सरासरी काढावी आणि सर्वांत मोठ्या वजनातून सर्वांत लहान वजन वजा करून पल्ला काढावा. असे 25 गट झाल्यावर सर्व सरासऱ्यांची सरासरी आणि सर्व पल्ल्यांची सरासरी काढावी. समजा, हे दोन आकडे अनुक्रमे 503 ग्रॅम आणि 5.2 ग्रॅम आले. पाचच्या गटासाठी ठरलेला गुणक 0.577 आहे. त्याने 5.2 ला गुणल्यास 3 ग्रॅम येतात, म्हणून गटाच्या सरासरीची खालची मर्यादा 500 आणि वरची 506 ग्रॅम होते. पल्ल्याची वरची मर्यादा काढण्यासाठी 5.2 ला 2.114 ने गुणावे. ती सुमारे 11 ग्रॅम येते. तक्त्यावर या रेषा आखून पुढील प्रत्येक गटाचे बिंदू त्यावर मांडत जावे.

तक्ता वाचावा आणि यंत्राला विनाकारण हात लावू नये

एखादा बिंदू मर्यादेबाहेर गेला, सलग 8 बिंदू मधल्या, म्हणजे सरासरीच्या, रेषेच्या एकाच बाजूला पडले किंवा सलग 6 बिंदू सतत चढत अथवा उतरत गेले, तर काहीतरी वेगळे घडते आहे असे समजून लगेच कारण शोधावे. बिंदू मर्यादांच्या आत अनियमितपणे वरखाली होत असतील, तर यंत्र आहे तसे चालू द्यावे.

ही शेवटची सूचना पाळणे सर्वांत कठीण जाते. एक पिशवी 2 ग्रॅमनी कमी भरली की कामगार प्रामाणिकपणे स्क्रू 2 ग्रॅम वाढवतो, पुढची पिशवी जास्त भरली की तो पुन्हा मागे फिरवतो, आणि आपण काळजीपूर्वक काम करत आहोत असे त्याला मनापासून वाटत असते. गणित मात्र उलटे सांगते. मुळात स्थिर असलेल्या यंत्रात प्रत्येक मोजणीनंतर तेवढीच उलट दुरुस्ती करत राहिल्यास वजनांमधील पसारा कमी न होता सुमारे 1.4 पट वाढतो, कारण आधीच्या पिशवीतील योगायोगाचा फरक पुढच्या पिशवीत मिसळला जातो. तक्ता जितका ‘केव्हा दुरुस्ती करावी’ हे सांगतो, तितकाच ‘केव्हा करू नये’ हेही सांगतो, आणि कामगाराला ही गोष्ट आकडे दाखवून शांतपणे समजावून द्यायला हवी.

स्थिर यंत्र पुरेसे चांगले आहे का, हे पाहावे

येथे एक चूक हमखास होते. गटाच्या सरासरीची खालची मर्यादा 500 ग्रॅम आहे, म्हणजे प्रत्येक पिशवी 500 ग्रॅमची भरणारच, असे गृहीत धरले जाते. परंतु ती मर्यादा पाच पिशव्यांच्या सरासरीची आहे, आणि सुट्या पिशव्यांचा पसारा त्याहून मोठा असतो. सरासरी पल्ल्याला 2.326 ने भागल्यावर सुट्या पिशवीचे प्रमाण विचलन, म्हणजे वजने सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात हे सांगणारा आकडा, मिळते. आपल्या उदाहरणात ते सुमारे 2.24 ग्रॅम आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याची तिप्पट धरल्यास पिशव्यांची वजने साधारण 496.3 ते 509.7 ग्रॅमच्या दरम्यान पसरलेली असतील, आणि दर 100 पैकी सुमारे 9 पिशव्या 500 ग्रॅमपेक्षा कमी भरतील. यंत्र पूर्णपणे नियंत्रणात असूनही ग्राहकाची अट पाळली जात नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अशा वेळी कामगाराला बोल लावून काहीही साधत नाही; निर्णय व्यवस्थापनालाच घ्यावा लागतो.

व्यवस्थापनापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे यंत्राची सरासरी 507 ग्रॅमवर नेणे. त्यामुळे जवळजवळ सर्व पिशव्या अटीत बसतील, परंतु आजच्यापेक्षा प्रत्येक पिशवीत 4 ग्रॅम, म्हणजे 4,000 पिशव्यांच्या एका शिफ्टमध्ये 16 किलो पावडर जास्त जाईल. दुसरी वाट म्हणजे पसारा कमी करणे. पल्ला निम्मा झाला, तर सरासरी 503.5 ग्रॅमच्या आसपास ठेवूनही अट पाळता येते. ग्राहकाला कमी माल जाऊ नये म्हणून पहिली वाट तात्पुरती आणि ताबडतोब स्वीकारावी, आणि दुसरीवर काम सुरू करावे.

पसाऱ्याचे कारण शोधून सुधारणा पक्की करावी

पसारा कमी करण्यासाठी अंदाजाने यंत्राचे सुटे भाग बदलू नयेत. तक्त्यावरील मोठ्या पल्ल्यांच्या शेजारी त्या वेळी काय चालू होते, म्हणजे कोणती शिफ्ट, कोणता कच्चा माल, टाकी भरलेली की रिकामी, याची नोंद असेल, तर कारण पुष्कळदा तिथेच सापडते. समजा, टाकीतील पावडर खाली गेल्यावर पल्ला वाढतो असे दिसले. पावडर खाली का जाते? भरणी दोन तासांनी होते म्हणून. ती दोन तासांनी का होते? मिसळलेला माल एकदम मोठ्या प्रमाणात येतो म्हणून. असे ‘का’ विचारत गेल्यावर उपाय भरणाऱ्या यंत्रात नसून माल आणण्याच्या वेळापत्रकात सापडतो, म्हणजे आपण पुन्हा नियोजनाकडेच येतो.

बदल प्रथम एका शिफ्टमध्ये करून पाहावा. पल्ला खरोखर कमी झाला, तर ‘टाकी अर्ध्याखाली जाण्यापूर्वी भरावी’ अशी सूचना कामाच्या लेखी पद्धतीत घालावी, टाकीवर अर्ध्या पातळीची ठळक खूण करावी आणि सर्व शिफ्टच्या कामगारांना ती प्रत्यक्ष दाखवावी. त्यानंतर 25 नवे गट मोजून मर्यादा नव्याने काढाव्यात, कारण जुन्या सैल मर्यादांवर सुधारलेल्या यंत्रातील बिघाड दिसणार नाही. जुना तक्ता मात्र तारीख आणि केलेला बदल लिहून फाइलमध्ये जपून ठेवावा.