पाणी वाचता येतं, पाण्यात अडतं

पहिलीच्या मुलांसाठी मी लिहिलेली पहिली गोष्ट बेडकाची होती. शब्द रोजच्या बोलण्यातले, वाक्यं चार-पाच शब्दांची. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत एका मुलीला ती वाचायला दिली. ‘पाणी’ तिने सहज वाचलं. पुढच्या पानावर ‘पाण्यात’ आलं. ‘पा’ झालं, ‘ण’ झालं, मग ती परत ‘पा’वर आली आणि तिने पुस्तक मिटलं.

त्या दिवसापासून मी शब्दाआधी त्याचं सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना होणारं त्याचं बदललेलं रूप, बघते. झाड-झाडावर, घर-घरात, इथे अडचण नाही. पण पाणी, घोडा, डोळा यांना प्रत्यय लागला की जोडाक्षर आलंच. ‘माझी’ जमतं, ‘माझ्या’ अडतं. ‘म्हणाला’ तर गोष्टीत पावलोपावली लागतं. कोण बोलतंय हे चित्रात दिसत असेल तर ते गाळता येतं. माझा बेडूक शेवटी नदीत गेला.

मात्र जोडाक्षर टाळण्यासाठी भाषा मोडू नका. ‘पाणीत’ असं छापलेलं मी पाहिलंय. तसं कुठल्याच मुलाच्या घरी बोलत नाहीत. एखादं जोडाक्षर हवंच असेल तर तेच चार पानांवर पुन्हा येऊ द्या. तिसऱ्या वेळेला मूल अक्षरं न लावता शब्द ओळखतं, आणि तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर वाचनाच्या चार पातळ्यांची पुस्तकं मोफत वाचता येतात. पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६००, तिसरी १५००, चौथी त्यापुढे. पहिल्या पातळीची दहा-वीस पुस्तकं नुसता मजकूर वहीत उतरवून बघा. गोष्टीतलं किती काम चित्रांवर सोडलंय ते हाताला कळतं.

पातळी म्हणजे वय नव्हे, हे मला उशिरा उमगलं. इयत्ता चौथीतला एक मुलगा अडखळत वाचायचा. बदकाच्या पिल्लाचं पुस्तक दिलं की दप्तराखाली सारायचा. त्याच्यासाठी मी विहिरीतली मोटार वर काढायची गोष्ट लिहिली, शब्द पहिल्या पातळीचेच. त्याने ती एका बैठकीत वाचली आणि म्हणाला, “पण आधी लाइट बंद करतात ना?” गोष्टीत ते राहून गेलं होतं. पुढच्या खर्ड्यात पहिल्याच पानावर घातलं.