पाड्यावर टीबीचं काम करताय? या चुका टाळा

जानेवारी २०२२ मध्ये नंदुरबारमधून टीबीचे रुग्ण शोधण्याची ‘आश्वासन’ मोहीम सुरू झाली. देशातल्या १७४ आदिवासी जिल्ह्यांत घरोघर जाऊन एक कोटीहून जास्त लोकांची विचारपूस झाली आणि दहा हजारांच्या आसपास रुग्ण सापडले. मात्र ज्यांना टीबी असण्याची शंका होती, त्यांच्यापैकी साधारण चौथ्या हिश्शाची तपासणी झालीच नाही. माणसं गळतात ती अशी मधल्या वाटेवर. ‘आदिवासी लोक तयारच होत नाहीत’ हे बैठकांमध्ये नेहमी ऐकू येणारं वाक्य मला अजिबात पटत नाही. आड येतं ते आपलं वेळापत्रक आणि आपली घाई.

पाडा रिकामा असताना मोहीम काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, सातपुड्यातले भिल्ल-पावरा ऊसतोडीला गुजरातची वाट धरतात, मेळघाटातले कोरकू मजुरीसाठी बाहेर पडतात. आपण मात्र २४ मार्चचा जागतिक क्षयरोग दिन डोळ्यांसमोर ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत सर्वेक्षण उरकतो. तेव्हा घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलंच भेटतात. तपासणी माणसं बाहेर पडण्याआधी करा आणि दुसरी फेरी होळीच्या आठवड्यात ठेवा. मेळघाटात तर होळीला माणूस कुठूनही घरी येतोच.

उपचार सुरू असलेला रुग्ण निघायच्या बेतात असेल तर त्याला अडवू नका, तो थांबणार नाही. पोटाचा प्रश्न आहे. त्याचा निक्षय आयडी (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) कागदावर ठळक लिहून द्या, सोबत पुरेशी औषधं द्या, मुकादमाचा फोन नंबर घ्या आणि तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवा. उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी दुसऱ्या राज्यातही पुढे चालू ठेवता येतात. हे बऱ्याच रुग्णांना कोणी सांगितलेलंच नसतं.

डबी हातात देऊन निघून जाणं

‘थुंकी आणून द्या’ म्हटलं की माणूस थुंकीच देतो. डबीत पाण्यासारखी लाळ येते, तपासणीत काही निघत नाही आणि खरा रुग्ण ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी बसतो. डबी आदल्या संध्याकाळीच द्या. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा, हे स्वतः करून दाखवा. घराबाहेर मोकळ्या हवेत, इतरांपासून लांब. बाईला चारचौघांत असं खोकायला लावू नका. आणि नमुना केंद्रापर्यंत कोण नेणार, हे डबी देण्याआधीच ठरलेलं असू द्या.

लाल लघवीबद्दल न सांगणं

रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे लघवी लालसर-केशरी होते. आधी सांगितलं नसेल तर घरचे म्हणतात, औषधानं रक्त जायला लागलं, आणि गोळ्या बंद होतात. पहिल्याच दिवशी सगळ्या घराला बसवून सांगा, शक्यतो त्यांच्या बोलीत: लाल लघवीला भिऊ नका, पण डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात तर लगेच दवाखाना गाठा. दुसरी गळती दोन महिन्यांनी होते. खोकला थांबतो, वजन वाढतं, कामावर जाता येतं, मग गोळ्या कशाला? नेमक्या त्याच आठवड्यात आशाताईची फेरी हवी. साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा आहे.

भगताला बाजूला ठेवणं

भगत म्हणा, भुमका म्हणा की पुजारी, पाड्यावर पूजा-उपचार करणारा हा माणूस; खोकला आधी त्याच्याकडेच जातो. त्याला खोटं पाडून गाव तुमच्या बाजूला येत नाही. त्याची पूजा त्याला करू द्या. दोन आठवड्यांवरचा खोकला, ताप किंवा वजन घटणं दिसलं तर आमच्याकडेही पाठवा, एवढंच मागा. त्यानं पाठवलेला माणूस बरा झाला की ते त्याला आवर्जून जाऊन सांगा.

पैशांचं आधी बोलणं, खातं नंतर बघणं

टीबी रुग्णाच्या आहारासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, आदिवासी भागात प्रवासासाठी एकदा ७५० रुपयांची तरतूद आहे. खातं बंद पडलेलं किंवा आधारशी न जोडलेलं असेल तर पैसे अडकतात आणि तुमच्या शब्दावरचा विश्वास उडतो. म्हणून पासबुक पहिल्याच आठवड्यात बघा.

‘आमच्या गावात टीबी नाही’ ऐकून परतणं

टीबीमुक्त पंचायतीचा फलक हवा म्हणून काही सरपंच तपासणीच टाळतात. त्यांना निकष दाखवा: दर हजार लोकांमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी झालेली असावी लागते. तपासण्याच नसतील तर पंचायतीचा दावा पुढे सरकत नाही.