छोट्या पोकर टूर्नामेंटमध्ये या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या एका कार्डरूममध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुगारघरात, मी गेली काही वर्षं रविवारची छोटी टूर्नामेंट खेळतो. नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, आणि हव्या तेवढ्या चिप्स लावायची मुभा), तीस-चाळीस माणसं, दुपारपर्यंत निकाल. आपली मराठी मुलंही बरीच येतात. पत्ते त्यांना नवे नसतात. घरी मेंढीकोट, रमी आणि गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळूनच ती मोठी झालेली असतात. तरी दीड-दोन तासांत बाहेर पडतात आणि पार्किंगमध्ये एकच वाक्य ऐकू येतं: "पत्तेच आले नाहीत रे." मला याची हळहळ वाटते, कारण पत्ते तिथे कुणालाच फारसे येत नाहीत. तेवढा वेळच नसतो.

हिशोब करून बघा. सुरुवातीला १०,००० चिप्स, ब्लाइंड (दोघांनी पत्ते येण्याआधीच, पाळीपाळीने भरायच्या चिप्स; मोठी भर ती बिग ब्लाइंड) १००-२००, दर वीस मिनिटांनी वाढणारे: २००-४००, ३००-६००, ४००-८००, मग ५००-१०००. डीलर पत्ते पिसणार, वाटणार, लोक विचार करणार. वीस मिनिटांत नऊ जणांच्या टेबलावर जेमतेम एक फेरी होते. म्हणजे चार लेव्हलमध्ये तुम्हाला साधारण ३६ डाव मिळतात. एक्क्यांची किंवा राजांची जोडी सरासरी ११० डावांतून एकदा येते. तिची वाट बघत तुम्ही एकही डाव खेळला नाहीत, तरी चार फेऱ्यांचे ब्लाइंड ३,००० चिप्स खाऊन जातात. उरल्या ७,०००, आणि पाचव्या लेव्हलला त्या फक्त सात बिग ब्लाइंड होतात. अँटी, म्हणजे प्रत्येक डावाआधी भरायच्या जादा चिप्स, असेल तर त्याहूनही कमी.

म्हणून चिप्स मोजताना "माझ्याकडे सात हजार आहेत" असं मोजू नका, "माझ्याकडे सात ब्लाइंड आहेत" असं मोजा. लेव्हल बदलली की पुन्हा मोजा. ही एक सवय लागली तरी खेळ सुधारतो.

स्टॅक, म्हणजे तुमच्याकडच्या चिप्स, दहा ब्लाइंडच्या आसपास आला की नुसता कॉल करून (समोरच्याइतक्याच चिप्स घालून) फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते, बघणं बंद. ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे) किंवा फोल्ड (पत्ते टाकून द्या). सात ब्लाइंडमधला एक कॉलमध्ये घालवायचा आणि फ्लॉप जुळला नाही की पत्ते टाकून द्यायचे, ही मी तिथे सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. त्याऐवजी बटणाजवळ (वाटप करणाऱ्याची खूण; तिथल्यांची पाळी उशिरा येते) बसलेले असताना, तुमच्याआधी सगळ्यांनी फोल्ड केलं असेल तर एक्का-आठ किंवा पाचांच्या जोडीवरही ऑल-इन जा. तुमच्यानंतर पाळी असलेल्या दोघा-तिघांनी सोडलं तर ५००-१००० चे ब्लाइंड, म्हणजे १,५०० चिप्स, न खेळता मिळतात. ७,००० वाल्याला ही पाचव्या हिश्शाहून जास्त भर आहे. कुणी कॉल केला तरी जिंकायची संधी असतेच. चार ब्लाइंड उरेपर्यंत थांबलात तर तुमच्या ऑल-इनला कुणी घाबरत नाही.

याच्या उलट चूक मोठे पत्ते आल्यावर होते. एक्क्यांची जोडी लपवायची म्हणून लोक नुसता कॉल करतात आणि मागून आणखी चौघे-पाचजण आत येतात. एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, तिघांविरुद्ध सुमारे ६४ टक्के आणि पाचजणांविरुद्ध निम्म्याहूनही किंचित कमी. रेझ करा, म्हणजे लावायची रक्कम वाढवा, आणि गर्दी कमी करा.

तीन पत्तीतून आलेल्यांचा एक घोळ ठरलेला. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, हा स्ट्रेटला, म्हणजे सिक्वेन्सला, मारतो. कारण साधं आहे. तीन पत्त्यांत सिक्वेन्सचे ७२० प्रकार होतात आणि कलरचे १,०९६, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांच्या पत्त्यांत, तीन बदाम दिसत असताना हातातल्या स्ट्रेटवर सगळं लावण्याआधी हे आठवा.

आता टेबलाच्या शिस्तीबद्दल, कारण इथे घरातल्या सवयी महाग पडतात.

रेझ करायचा असेल तर आधी तोंडाने "रेझ" म्हणा. ब्लाइंड १००-२०० असताना न बोलता १,००० ची एकच चिप पुढे टाकली तर तो २०० चा कॉल धरतात. न बोलता दोन टप्प्यांत चिप्स ढकलल्या तर पहिला टप्पाच धरतात. बोललेला शब्द बांधील असतो, म्हणून गंमतीत "ऑल-इन" कधीही म्हणू नका.

डाव चालू असताना शेजारच्या मित्राशी मराठीत बोलू नका. इंग्रजीतच बोलायचा नियम तिथे कडक आहे, आणि तो रास्तही आहे: समोरच्याला वाटणारच की तुम्ही पत्ते सांगताय. वांगीभाताबद्दल बोलत असलात तरी.

पत्त्यांवर हात किंवा एक चिप ठेवा. मी डीलरच्या अगदी शेजारी बसलो होतो, पत्त्यांवर काहीच ठेवलं नव्हतं, आणि डीलरने ते टाकलेल्या पत्त्यांत ओढून घेतले. राण्यांची जोडी होती. पत्ते सांभाळणं खेळाडूचं काम असल्यामुळे दाद मिळाली नाही, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं.

शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते दाखवताना, समोरचा "फ्लश" म्हणाला म्हणून आपले पत्ते फेकू नका. त्याचे पत्ते उताणे पडलेले दिसू द्या, मग तुमचेही उताणे ठेवा. चुकीचं बोलून गेलं तरी दिसणारे पत्तेच धरतात.

री-एंट्रीचा, म्हणजे बाहेर पडल्यावर पुन्हा पैसे भरून आत येण्याचा, आकडा घरून ठरवून निघा. कॅलिफोर्नियाच्या कार्डरूममध्ये पोकर खेळाडू आपसात खेळतात आणि हाऊस, म्हणजे कार्डरूम, शुल्क घेतं. प्रत्येक री-एंट्रीला ते शुल्क पुन्हा जातं. हरल्याच्या रागात केलेली तिसरी एंट्री मी कुणाच्या फायद्याची ठरलेली पाहिलेली नाही.

शेवटी चार-पाचजण उरले की कुणीतरी बक्षीस वाटून घ्यायचा प्रस्ताव मांडतं. "सगळ्यांना सारखं" ऐकून लगेच मान डोलवू नका. घड्याळ थांबवायला सांगा, प्रत्येकाच्या चिप्स मोजून घ्या. तुमच्याकडे बाकीच्यांच्या दुप्पट असतील तर जास्त वाटा मागणं तिथे उद्धटपणा समजत नाहीत. आणि सर्वांत कमी चिप्स तुमच्याकडे असतील, तर समान वाटणीला लगेच हो म्हणा.