जैवविविधतेच्या नोंदी पोर्टलला देताय? या चुका टाळा

जीबीआयएफ म्हणजे जगभरच्या जीवजातींच्या नोंदी एकत्र ठेवणारं खुलं पोर्टल. अशा पोर्टलवर चढवायच्या एक्सेल शीट माझ्याकडे तपासायला येतात. माणसं बदलतात, चुका त्याच.

सगळ्यात छळतात ते अक्षांश-रेखांश. एका निसर्ग मंडळाने महाबळेश्वरच्या फुलपाखरांची शीट पाठवली. नकाशावर टाकली तर ठिपके थेट कोकणात, चिपळूणच्या पश्चिमेला! वहीत होतं १७ अंश ५५ मिनिटं, ७३ अंश ४० मिनिटं. टंकणाऱ्याने १७.५५ आणि ७३.४० लिहून हात झटकले. मिनिटांना ६० ने भागायचं असतं हो! खरे आकडे १७.९१७ आणि ७३.६६७. फरक जवळपास ५० किलोमीटरचा, आणि घाटमाथ्यावरची फुलपाखरं कोकणात. अक्षांशाच्या जागी रेखांश पडला तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो आणि देश जुळत नाही म्हणून पोर्टलच बोंब मारतं. इथे मात्र सगळं गपगुमान आत गेलं असतं, कारण चिपळूणही भारतातच आहे.

माझी सवय सांगतो. दोन्ही रकाने उतरत्या क्रमाने लावून नुसती नजर फिरवायची. लांबलचक यादीत दशांशानंतर कुठेच .६० च्या पुढचा आकडा दिसत नसेल, तर ती मिनिटंच असण्याची दाट शक्यता. मग मूळ वही मागवायची. सेकंद लिहिलेच नसतील तर अनिश्चिततेच्या रकान्यात (ठिपका खऱ्या जागेपासून किती लांब असू शकतो ते) २६०० मीटर टाकायचे, कारण एक मिनिट म्हणजेच अक्षांशावर सुमारे १८५० मीटर, आणि रेखांशाचं मिनिटही त्यात धरावं लागतं. हा रकाना ‘नंतर भरू’ म्हणून सोडणारे तो कधीच भरत नाहीत.

दुसरी डोकेदुखी एक्सेलची. ०५/०७ म्हणजे ५ जुलै. अमेरिकन सेटिंगचं एक्सेल ते ७ मे करतं आणि पावसाळी बेडूक ऐन उन्हाळ्यात ओरडू लागतात. ओळखायची खूण सोपी: १३ तारखेपासून पुढच्या तारखा मजकूर म्हणून डावीकडे चिकटतात, बाकीच्या उजवीकडे. मी दिवस, महिना, वर्ष असे तीन रकानेच ठेवतो. डार्विन कोअरमध्ये, म्हणजे अशा नोंदींचे रकाने ठरवून देणाऱ्या मानकात, तशी सोय आहेच. फॉर्म्युले लावून दुरुस्ती करायच्या भानगडीत पडू नका. घाईवाल्यांनी असे घोळ दुप्पट केलेले पाहिलेत.

अक्षांश-रेखांश माहीत नसतील तर रकाना रिकामा सोडा. ० लिहिलंत तर नोंद आफ्रिकेजवळच्या गिनीच्या आखातात.

नुसतं स्थानिक नाव नको, शास्त्रीय नाव हवंच. प्रजातीची (स्पीशीज) खात्री नसेल तर जातकुळीवर (जीनस) थांबा. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपने सुचवलं म्हणून ठोकून देऊ नका.

दुर्मिळ ऑर्किडचं नेमकं ठिकाण उघड करू नका. अक्षांश-रेखांशाचे आकडे ढोबळ करा आणि तसं केल्याचं नोंदीत लिहा.

नोंदीची ओळख म्हणून एक्सेलचा अनुक्रमांक तर अजिबात नको. कुणी शीट सॉर्ट करून नव्याने आकडे ओढले की ५७ नंबरला भलताच प्राणी येतो. मी मंडळाचं लघुनाव, वर्ष आणि वहीतला क्रमांक जोडतो. तो आयडी एकदा दिला की बदलायचा नाही. नोंद चुकली तर डिलीट करून नवी चढवू नका, त्याच आयडीवर दुरुस्त करा.