सहीवरची वेळ कोणाच्या घड्याळाची?

गोव्यातला एक-चौदाचा जमिनीचा उतारा असो, टेंडरचा करारनामा असो की बँकेचं पत्र, डिजिटल सहीच्या चौकटीत छापलेली तारीख हा पुरावा नव्हे. ते नुसतं चित्र.

फाइल ब्राउझरमध्ये नको, अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, आणि मूळ फाइलच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची तर डॉक्युमेंट म्हणून. झेरॉक्सवाल्याने 'प्रिंट टू पीडीएफ' करून दिलेल्या प्रतीत सहीचं चित्र तेवढं उरतं, सही जाते.

आता सिग्नेचर पॅनलमध्ये सहीची ओळ उलगडा. वेळ सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळावरून घेतली आहे असं लिहिलं असेल, तर टाइमस्टँप, म्हणजे तिसऱ्याच संस्थेने दिलेला वेळेचा शिक्का, नाहीच. ते घड्याळ कोणीही मागे फिरवू शकतो. एम्बेडेड टाइमस्टँप असल्याचं दिसलं, तर सहीवर राइट क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीज उघडा आणि अ‍ॅडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमध्ये शिक्का कोणत्या टाइमस्टँप अथॉरिटीने दिला ते पाहा. तिथूनच तिचं सर्टिफिकेट उघडतं.

बहुतेकांची गाडी अडते ती पिवळ्या प्रश्नचिन्हापाशी. त्याचा अर्थ सही खोटी असा नाही. बहुतेक वेळा तुमच्या रीडरला भारतातलं मूळ सर्टिफिकेट, म्हणजे सीसीएचं (कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज या सरकारी नियंत्रकाचं) रूट, ओळखीचं नसतं. सर्टिफिकेटच्या साखळीत सगळ्यात वरचं 'सीसीए इंडिया' निवडा, त्याचा थंबप्रिंट (सर्टिफिकेटची ओळख पटवणारी अंक-अक्षरांची ओळ) सीसीएच्या साइटवरच्या थंबप्रिंटशी ताडून पाहा, मग ट्रस्ट टॅबमधून विश्वासू यादीत घाला आणि सही पुन्हा व्हॅलिडेट करा. अनेक जण घाईत सही करणाऱ्याचंच सर्टिफिकेट यादीत घालतात. मग खोटी सहीसुद्धा हिरवी दिसेल! शिक्क्याची साखळी वेगळी असू शकते, तीही तपासा.

कच्च्या नोंदीत शिक्क्याची वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असते: 05:14:09 म्हणजे आपले सकाळचे 10:44:09. चौकटीत 10:42 छापलं असेल तर काही बिघडलं नाही. महिन्यांचा फरक असेल तर मात्र खुलासा मागा.

टाइमस्टँपची खरी गरज पुढे लागते. समजा, सर्टिफिकेट 31 मार्च 2024 ला संपलं आणि शिक्का 12 फेब्रुवारीचा आहे. सही त्याआधी झालेली होती एवढं शिक्का सिद्ध करतो. प्रेफरन्सेस, सिग्नेचर्स, व्हेरिफिकेशन इथे 'सिक्युअर टाइम' निवडलेलं असू द्या. 'करंट टाइम' असेल तर हीच सही मुदत संपलेली दिसेल.