जुन्या संगणकाचं विंडोज नव्यावर असं नेलं

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान. हिशेबाचा संगणक थकला, नवा असेंबल करून घेतला. विंडोज प्रो मात्र वेगळं विकत घेतलेलं; ते वाया घालवणं पटेना.

आधी परवान्याचा प्रकार बघा, सगळं त्यावरच आहे. जुन्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडून इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ टाकलं. ‘रिटेल’ (म्हणजे वेगळा विकत घेतलेला परवाना) दिसलं आणि जीव भांड्यात पडला. ‘ओईएम’ (म्हणजे संगणकासोबतच आलेला परवाना) असतं, तर परवाना त्याच मशीनला बांधलेला, हलवता येत नाही.

रिटेल परवाना एका वेळी एकाच संगणकावर चालतो. म्हणून ‘प्रॉडक्ट की’ (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) कागदावर उतरवलेली आहे ना, हे तपासून जुन्यावरून ती काढायला ‘एसएलएमजीआर /यूपीके’ दिलं. नव्यावर विंडोज प्रोच टाकलं, सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमध्ये तीच ‘की’ भरली. लगेच ॲक्टिव्हेट झालं.