वेगळ्याच रंगाचा पक्षी दिसला तर आधी रंग विसरा

साळुंक्यांच्या घोळक्यात एक पांढराशुभ्र पक्षी गवतात किडे टिपत होता. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत दोन-तीन दुर्मीळ पाहुण्यांची नावं माझ्या मनात येऊन गेली. मग तो चालू लागला. उड्या न मारता, एकेक पाऊल टाकत, मान डुलवत, ठसक्यात. चोच पिवळी, पाय पिवळे, डोळ्याभोवतीची उघडी कातडीही पिवळी. साळुंकीच ती! काळा-तपकिरी रंग तेवढा गायब होता.

पायरी १: रंग वगळून पक्षी ओळखा

चोचीचा आकार, शेपटीची लांबी, चाल, उडण्याची ढब आणि आवाज, एवढ्यावर जात ठरवायची. रंग बदलला तरी या गोष्टी बदलत नाहीत. सोबत कोण आहे तेही पाहा, कारण असा पक्षी बहुधा आपल्याच जातभाईंत वावरतो. मात्र निव्वळ सोबतीवर विसंबू नका. मिश्र थवेही असतात.

पायरी २: आधी साधी कारणं खोडून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवशिके (आणि कधीकधी जुनेजाणतेही) इथेच फसतात.

वंचक (छोटा बगळा) बसलेला असताना मातकट दिसतो आणि उडाला की पांढरा. विणीच्या हंगामात त्याची पाठ गर्द तांबडी होते. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपली की मादीसारखा फिकट होतो, गळ्यावरून खाली एक काळी रेघ तेवढी उरते. स्वर्गीय नर्तकाचे नर तांबूसही असतात आणि पांढरेही, दोन्ही नेहमीचेच. म्हणून पुस्तकात त्या जातीची नर, मादी, पिल्लू, वीण आणि वीण नसतानाची सगळी चित्रं पाहिल्याशिवाय ‘विचित्र’ हा शब्द उच्चारू नये.

मग डाग. फुलांतला मध पिणाऱ्या पक्ष्याचं कपाळ परागकणांनी पिवळंधमक होतं. दाढीवालं गिधाड लोहयुक्त मातीत अंग घोळून पोट तांबूस करून घेतं. २०१९ साली इंग्लंडमध्ये एक भगवा पक्षी सापडला. लोकांना तो कुणी परदेशी पाहुणा वाटला, पण धुतल्यावर हळद किंवा रस्सा अंगावर सांडलेला साधा कुरव (सीगल) निघाला. अभ्यासकही खुणेसाठी पक्षी रंगवतात, तेव्हा पायात कडी आहे का बघा. पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी ही शक्यताही धरा. पिवळा पोपट दिसला तर तर नक्कीच.

पायरी ३: डोळा बघा

पांढरा पक्षी दिसला की सरसकट ‘अल्बिनो’ म्हणायची सवय आहे. खऱ्या अल्बिनोत मेलॅनिन (काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य) अजिबात तयार होत नाही, त्यामुळे डोळे लालसर-गुलाबी दिसतात. त्याची नजर अधू असते आणि तो मोठा होईपर्यंत क्वचितच तगतो. म्हणजे पूर्ण वाढ झालेला, काळ्याभोर डोळ्यांचा पांढरा पक्षी अल्बिनो नव्हे. ‘अर्धवट अल्बिनो’ हा प्रकारही नसतो: मेलॅनिन बनवण्याची क्षमताच नसेल तर ते शरीरात कुठेच बनणार नाही.

पोटात गेलेल्या अन्नातून येणारे पिवळे-लाल रंग मात्र मेलॅनिनवर अवलंबून नसतात. माझ्या साळुंकीची चोच पिवळी राहिली ती त्यामुळेच.

पायरी ४: पांढरं नेमकं कुठे आहे?

पाय आणि चोच गुलाबी, पिसं पांढरी, डोळे गडद असतील तर ल्युसिझमची शक्यता, म्हणजे मेलॅनिन पिसांपर्यंत पोचतच नाही. हा जन्मजात असतो आणि पिसं बदलली तरी तसाच राहतो. पण ब्रिटनमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात पक्ष्यांचे नमुने सांभाळणारे हाइन व्हान ग्राउ यांचं म्हणणं असं, की रानातल्या पक्ष्यांत पांढऱ्या पिसांचं सर्वांत सामान्य कारण ल्युसिझम नसून हळूहळू पिकत जाणं आहे. दर पीसबदलाला पांढरी पिसं वाढत जातात.

कावळ्याच्या पंखात पांढरट पट्टे दिसले तर तो निकृष्ट खाण्याचा परिणाम असू शकतो. काळ्याऐवजी तपकिरी कावळा दिसला तर पंख ताणण्याची वाट पाहा. या प्रकारात रंगद्रव्य अर्धवट तयार होतं आणि उन्हात विटतं. उघडी पिसं जवळजवळ पांढरी होतात, पण दुसऱ्या पिसांखाली झाकलेला भाग चांगला तपकिरी सापडतो. एवढी एक खूण मिळाली की निदान बरंचसं पक्कं.

पायरी ५: फोटो

पांढरा पक्षी फोटोत हमखास जळतो, म्हणजे नुसता पांढरा ठिपका होतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा उजेड) एक स्टॉपपर्यंत, म्हणजे निम्म्यापर्यंत, खाली आणा. मोबाइलवर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड कमी करता येतो. शक्य असेल तर त्याच चौकटीत नेहमीच्या रंगाचा जोडीदारही येऊ द्या. एकाच उजेडातले दोघे शेजारी दिसले की ‘कॅमेऱ्यानं रंग बदलला’ ही शंका मिटते. डोळा, पाय आणि उघडा पंख यांचे वेगवेगळे फोटो घ्या. फोटोसाठी पाठलाग करून पक्षी उडवू नका. पांढऱ्या पक्ष्यावर शिकाऱ्याची नजर आधीच लवकर पडते. घरटं असेल तर ठिकाण जाहीर करू नका.

पायरी ६: नोंद आणि पुन्हा फेरी

ईबर्डवर (पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करताना जात नेहमीचीच लिहा, रंगाचं वर्णन शेऱ्यात द्या. ‘ल्युसिस्टिक’ एवढंच लिहून थांबू नका. ‘डोळे काळे, उजव्या पंखात बाहेरची तीन पिसं पांढरी’ असं लिहिलं तर दुसऱ्याला पडताळता येतं.

पक्षी एकाच जागी राहणारा असेल तर पुढच्या पीसबदलानंतर परत जा आणि जुना फोटो सोबत न्या. पांढरं वाढलं असेल तर पिकणं. रंग परतला असेल तर खाण्यातली उणीव भरून निघालेली दिसते. जिथल्या तिथे असेल तर ल्युसिझमचं पारडं जड.